लेहच्या वाटेवरील जुने पाहुणे

भाईंदरच्या खाडीकांठीं मिठागरें आहेत. भरतीचें पाणी बांधांत अडवावें, उन्हानें तें आटवावें आणि मागें उरेल तें मीठ गोळा करावें, हा त्या किनाऱ्यावरचा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला उद्योग. या किनाऱ्याचा इतिहास ज्यांस ठाऊक आहे त्यांस हेंहि ठाऊक असेल, कीं १५३४ पासून १७३९ पर्यंत, म्हणजे दोनशें वर्षांहून अधिक काळ, वसई व तिच्या आसपासचा मुलूख पोर्तुगीजांच्या ताब्यांत होता, आणि भाईंदर-उत्तनकडील धारावी बेटहि त्यांतच मोडत होतें. वसईवर हुकूम येई तो गोव्याहून. पण गोव्याची नजर केवळ या किनाऱ्यापुरती नव्हती. ज्या काळांत वसईच्या कोटाला नवे बुरूज चढत होते, त्याच काळांत गोव्याच्या आज्ञेंतलीं कांहीं माणसें हिमालय ओलांडून अशा एका मुलखांत जाऊन पोंचलीं होतीं, कीं जेथें समुद्राचें नांवहि फार थोड्यांच्या कानीं आलें असेल. तो मुलूख म्हणजे लडाख, आणि त्याचें मुख्य गांव लेह.

लेह हें सिंधु नदीच्या वरच्या खोऱ्यांत, समुद्रसपाटीपासून सुमारें ११,५०० फुटांवर वसलेलें आहे. वाळवंट म्हटलें कीं मनापुढें राजस्थानची तापलेली वाळू उभी राहते. लेहचें वाळवंट थंडीचें आहे. हिमालयाची रांग पावसाळी ढग अलीकडेच अडवून धरते, आणि पलीकडे वर्षाकाठीं सरासरीनें चार इंचांच्या आसपास काय तो ओलावा पोंचतो. भाईंदरला जुलैंतल्या एखाद्या जोराच्या दिवशीं जेवढा पाऊस पडतो, तेवढ्यावर त्या भूमीला सारें वर्ष काढावें लागतें. वस्ती जगते ती पावसावर नव्हे, तर वितळणाऱ्या बर्फाच्या ओढ्यांवर. ओढ्याचें पाणी पाटानें शेतांत न्यावयाचें, कोणाच्या शेताला किती वेळ पाणी मिळावें हें पाळीनें ठरवावयाचें, आणि उन्हाळ्याच्या थोड्या महिन्यांत जवाचें एक पीक पदरांत पाडून घ्यावयाचें, असा तेथला संसार.

एवढ्या तुटपुंज्या शेतीवर राजधानी उभी राहत नाहीं. लेह मोठें झालें तें वाटांमुळें. पश्चिमेस झोजी खिंडींतून काश्मीरची वाट, उत्तरेस काराकोरम ओलांडून यारकंदची वाट, पूर्वेस सिंधूच्या कांठाकांठानें ल्हासाची वाट, आणि दक्षिणेस लाहूल-कुलूवरून पंजाबची वाट, अशा चार वाटा तेथें एकत्र येत. चांगथांगच्या पठारावरील शेळ्यांची पश्म याच गांवावरून काश्मीरच्या शालविणकरांकडे जाई. पुढची खिंड अवघड, मागची खिंड बर्फानें बंद. म्हणून येणाऱ्या प्रत्येकाला लेहमध्यें थांबणें भाग पडे. थांबलेल्याला दाणावैरण लागे, ओझ्याची जनावरें बदलावीं लागत, विश्रांति घ्यावी लागे. प्रवासी हें त्या गांवाचें जणूं दुसरें पीकच होतें. अशा गांवीं गोव्याकडून जे पाहुणे आले ते मात्र व्यापारासाठीं आले नाहींत.

पहिली बातमी आणली ती दियोगो द आल्मेदा नांवाच्या एका पोर्तुगीज गृहस्थानें. सतराव्या शतकाच्या अगदीं आरंभीं तो लडाखांत कांहीं काळ राहून आला. राजाचें ठाणें त्या वेळीं बास्गो येथें असल्याचें त्यानें सांगितलें. गोव्याचे आर्चबिशप मेनेझिस यांच्या कानीं त्याची हकीकत गेली. त्या हकीकतींतला मोठा भाग असा, कीं त्या दूरच्या मुलखांत देवालयें आहेत, त्यांत मूर्ति आहेत, धूप जळतो, दिवे तेवतात, आणि ब्रह्मचारी साधु एकत्र बसून स्तोत्रें म्हणतात. तेव्हां ते लोक एखाद्या जुन्या, विसरल्या गेलेल्या ख्रिस्ती पंथाचे असावेत. वस्तुतः ते बौद्ध होते. आल्मेदानें पाहिलें तें खोटें नव्हतें. मठांत धूप होता, दिवे होते, लामांचे सामुदायिक पठणहि होतें. परंतु डोळ्यांनीं पाहिलेल्या गोष्टीला मनानें जें नांव दिलें, तें घरून बरोबर नेलेलें होतें. हिमालयापलीकडे हरवलेले ख्रिस्ती बांधव आहेत ही अफवा युरोपांत फार जुनी होती, आणि आल्मेदाच्या वृत्तांतानें तिला गोव्यांत नवा जोर आला.

या समजुतीपायींच आंतोनियो द आंद्रादे हा जेसुइट पाद्री १६२४ सालीं आग्र्याहून निघाला. त्याच्याबरोबर मानुएल मार्केस नांवाचा एक साधा सेवाव्रती बंधु होता. हें नांव पुढें पुन्हा येणार आहे. दिल्लीस बदरीनारायणाला जाणारा हिंदु यात्रेकरूंचा तांडा मिळाला, व दोघेहि हिंदूंच्याच वेषांत त्यांत सामील झाले. बदरीनाथाच्या पुढें माना खिंड लागते. तिची उंची १८,००० फुटांहून अधिक आहे. तेथें बर्फांत त्याचे हातपाय बधिर झाले, डोळे बर्फाच्या लखलखाटानें कांहीं काळ निकामी झाले. या वाटेवर धडधाकट माणसें एकाएकीं आजारी पडून घटकाभरांत मरतात, असें त्यानें लिहून ठेविलें आहे. जमिनींतून निघणाऱ्या विषारी वाफांमुळें असें होतें, हें तेथल्या लोकांचें म्हणणें त्यानें नोंदविलें. पण स्वतः त्याला तीव्र थंडी व सकस अन्नाचा अभाव हींच कारणें अधिक पटलीं. विशेष हें, कीं त्याच्याच संघांतल्या आकोस्ता नांवाच्या पाद्र्यानें दक्षिण अमेरिकेंतल्या आंदीज पर्वतावर हाच त्रास सोसून, तेथली हवा माणसाच्या श्वासाला पुरत नाहीं इतकी विरळ आहे, असें १५९० सालीं छापलेल्या ग्रंथांत सांगून टाकलें होतें. एकाच संघाचीं माणसें पृथ्वीच्या दोन टोकांस एकच दुखणें भोगीत होतीं, पण एकाचें ज्ञान दुसऱ्याच्या कामीं आलें नाहीं.

आंद्रादे पोंचला तो लेहला नव्हे, तर त्याच्या आग्नेयेस सतलजच्या खोऱ्यांतल्या त्सापरांगला. ही गूगे नांवाच्या लहान राज्याची राजधानी होती. तेथल्या राजानें त्याचें प्रेमानें स्वागत केलें. दुसऱ्या खेपेस तो अधिक तयारीनें गेला, आणि १६२६ च्या एप्रिलांत त्सापरांगला ख्रिस्ती देवळाचा पाया घातला गेला. राजाचा हा नव्या धर्मगुरूंकडील ओढा मठांतल्या लामांस रुचला नाहीं. राजाचा सख्खा भाऊच लामांचा मुख्य होता. असंतोष वाढत गेला, आणि १६३० सालीं बंड झालें. बंडवाल्यांनीं लडाखच्या राजाला बोलाविलें. त्यानें त्सापरांगला वेढा घातला, राज्य घेतलें, गूगेच्या राजाला कैद करून लेहला नेलें. देऊळ लुटलें गेलें. पाद्र्यांजवळ ना आश्रयदाता राहिला, ना पुढें काय होईल याची खात्री.

आंद्रादे या वेळीं गोव्यास आपल्या संघाचा प्रांतिक मुख्य होता. त्यानें चौकशीसाठीं फ्रांसिस्को द आझेव्हेदो या पाद्र्याची नेमणूक केली. आझेव्हेदो पन्नाशी उलटलेला होता. १६३१ च्या जूनअखेर तो आग्र्याहून निघाला, गढवालच्या श्रीनगरवरून व माना खिंडींतून ऑगस्टअखेर त्सापरांगला पोंचला, आणि तेथली स्थिति पाहतांच त्यानें ओळखलें, कीं येथें बसून कांहीं साधणार नाहीं. निर्णय ज्याच्या हातीं आहे तो लेहला आहे. ज्या राजानें आपलें काम मोडलें त्याच्याच दारीं जाऊन, तें पुन्हा चालूं द्यावें अशी विनंती करावयाची होती. सैन्य पाठीशीं नव्हतें, आणि गोव्याचा धाक त्या उंचीवर पोंचणें शक्य नव्हतें. ऑक्टोबरच्या आरंभीं तो ओलिव्हेरा नांवाच्या सोबत्यासह निघाला, आणि चांगथांगच्या ओसाड पठारावरून तीन आठवड्यांची वाट तुडवून २५ ऑक्टोबर १६३१ रोजीं लेहला आला.

त्याच्या दृष्टीस जें गांव पडलें त्याचें वर्णन त्यानें थोडक्यांत केलें आहे. गांव एका लहानशा डोंगराच्या उतारावर बसलेलें. घरें सुमारें आठशें कुटुंबांचीं. जवळून वाहणाऱ्या पाण्यावर पाणचक्क्या फिरत असलेल्या. एवढ्याच चार गोष्टी. पण इतिहासकाराला त्या सोन्याच्या मोलाच्या आहेत. कारण लडाखची राजबखर राजांच्या स्वाऱ्या आणि मठांचीं दानें सांगते. गांवांत चुली किती होत्या हें ती सांगत नाहीं. ऑक्टोबरअखेर पीक घरांत आलेलें असतें, आणि ओढे गोठण्यापूर्वीं वर्षाचें पीठ दळून घ्यावयाचें असतें. एका पाहुण्याच्या डायरींतल्या ओळीमुळें त्या शरद्‌ऋतूंतल्या जात्यांची घरघर अजून ऐकूं येते.

राजा होता सेंगे नामग्याल. सेंगे म्हणजे सिंह. लडाखच्या राजघराण्यांतला हा सर्वांत पराक्रमी पुरुष. त्याची आई बाल्टिस्तानच्या मुसलमान सरदार घराण्यांतली, गुरु स्टागत्सांग रासपा हा बौद्ध यति, आणि दरबारांत आतां गोव्याकडचे पाद्री उभे. आज लेहच्या डोक्यावर जो नऊ मजली मातकट राजवाडा दिसतो तो याच राजाच्या नांवाशीं जोडलेला आहे. आझेव्हेदोनें राजाचें जें चित्र काढलें आहे त्यांत थाटमाट नाहीं. उंच बांधा, सांवळा वर्ण, करडा चेहरा. अंगांत तांबड्या कापडाचा मळकट अंगरखा, डोक्यावर जुनी टोपी. केस खांद्यापर्यंत रुळणारे, कानांत पिरोजे व पोंवळें. आणि गळ्यांत मृत्यूची आठवण राहावी म्हणून कवटीच्या हाडांची माळ. ज्यानें नुकतेंच एक राज्य गिळलें होतें तो पुरुष गळ्यांत मरणाची खूण बाळगून पाहुण्यांस भेटत होता. आझेव्हेदो त्याला शत्रु म्हणूं शकला असता. तसें त्यानें केलें नाहीं. पाहिलें तें लिहिलें, नजराणा पुढें ठेविला, आणि नम्रपणें मागणें मांडलें.

आणि मागणें मान्य झालें. त्सापरांगला राहण्याची मुभा मिळाली, शिवाय रुदोक व खुद्द लेह येथेंहि धर्मकार्य करण्यास राजानें परवानगी दिली. ही उदारता केवळ मोठ्या मनाची होती असें समजण्याचें कारण नाहीं. चार वाटांच्या गांवाचा राजा परक्याला दारांतून हांकलून देऊं शकत नाहीं. त्याचा वसूल, त्याचा बाजार आणि त्याची बातमी, सारें परक्यांच्याच पायांनीं येत असतें. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यांत, खिंडी बंद होण्याच्या घाईंत, आझेव्हेदोनें लेह सोडलें. लाहूल-कुलूच्या वाटेनें तो पंजाबांत उतरला, आणि १६३२ च्या जानेवारीच्या आरंभीं आग्र्यास परतला. सहा महिन्यांत त्यानें हिमालय दोन वेळां ओलांडला होता.

कागदावर कार्य सिद्धीस गेलें होतें. प्रत्यक्षांत त्याचें कांहींच झालें नाहीं. आंद्रादे नव्या मंडळींसह पुन्हा तिबेटांत जाण्याच्या तयारींत असतांना १९ मार्च १६३४ रोजीं गोव्यांत विषप्रयोगानें मरण पावला. त्याच्यामागून १६३५ सालीं जी तुकडी निघाली तिच्यांतलीं कांहीं माणसें वाटेंतच वारलीं, कांहीं आजारी पडून मागें राहिलीं, आणि जे पोंचले त्यांस त्सापरांगला थारा मिळाला नाहीं. मिशन बंद झालें. १६४० सालीं आणखी एक प्रयत्न झाला. त्यांत होता मानुएल मार्केस, तोच १६२४ चा सोबती. या खेपेस तो पकडला गेला. त्याचा सोबती निसटून आला. १६४१ सालीं, आपल्यास सोडवावें, अशी विनवणी करणारें मार्केसचें एक पत्र आग्र्यास पोंचलें. त्यानंतर त्याची वार्ता नाहीं. आंद्रादेचें नांव ग्रंथांत राहिलें. पण पहिल्या दिवसापासून जो ओझीं वाहत आला त्याचा शेवट कोणत्या खोऱ्यांत झाला, हें कोणी लिहून ठेविलें नाहीं.

यानंतर सत्तर-पंचाहत्तर वर्षांनीं तिसरा पाहुणा आला. इप्पोलितो देसिदेरी हा इटालीच्या पिस्तोया गांवचा तरुण जेसुइट १७१३ सालीं गोव्यास उतरला. तेथून सुरत, दिल्ली, लाहोर करीत, सोबतीच्या मानुएल फ्रेरसह तो काश्मिरांत आला, हिंवाळा श्रीनगरास काढून १७१५ च्या मे महिन्यांत निघाला, आणि झोजी खिंड ओलांडून जूनअखेर लेहला पोंचला. मधल्या काळांत बरेंच बदललें होतें. सेंगे नामग्याल १६४२ सालीं गेला होता. ज्या गूगेसाठीं त्यानें युद्ध केलें, तें गूगे ल्हासाशीं झालेल्या १६८४ च्या तहानें लडाखच्या हातून निघून गेलें होतें. काश्मीरच्या मोगल सुभ्याशीं जमवून घेण्यासाठीं लेहच्या बाजारांत मशीद उभी राहिली होती. पण परक्याला आदरानें वागविण्याची रीत तीच होती. राजानें भेट दिली, राहण्याची सोय केली. देसिदेरीला गांव आवडलें, तेथेंच राहून भाषा शिकावी असें त्याच्या मनानें घेतलें.

तें घडलें नाहीं, आणि त्याचें कारण मोठें मानवी आहे. फ्रेर हा वडील. त्याचा शब्द अखेरचा. काश्मीरच्या खिंडींतल्या वाटेची त्यानें इतकी धास्ती घेतली होती, कीं हिंदुस्थानांत परतावयाचें तर दुसऱ्या कोणत्याहि वाटेनें, पण त्या वाटेनें नाहीं, असा त्याचा हट्ट होता. पुढें ल्हासा नांवाचें मोठें नगर आहे असें त्याला कळलें, आणि एका वाटेच्या भीतीनें त्यानें तिच्याहून कितीतरी लांब व कठीण वाट पत्करली. ऑगस्टच्या मध्यानंतर दोघे लेहहून निघाले, आणि मार्च १७१६ मध्यें ल्हासाला पोंचले. फ्रेर लौकरच परत फिरला. देसिदेरी मात्र पांच वर्षें राहिला, मठांत बसून बौद्ध शास्त्रग्रंथ वाचूं लागला, आणि तिबेटी भाषेंत ग्रंथ लिहूं लागला. आल्मेदानें ज्या धर्माला चुकीचें नांव दिलें होतें, तो धर्म समजून घेण्याची खटपट करणारा हा पहिला युरोपीय विद्वान म्हटला तरी चालेल. त्याचाहि हेतु मतखंडनाचाच होता. परंतु खंडन करण्यासाठीं आधीं शिकावें लागतें, हें त्यानें मान्य केलें होतें. लेहला घालविलेले सात आठवडे हे त्या शिक्षणाचे पहिले दिवस होत.

या साऱ्या खटाटोपांतून शेवटीं काय उरलें, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. त्सापरांग ओसाड पडलें, आणि देवळाचा मागमूस राहिला नाहीं. सेंगे नामग्यालच्या विजयाला पन्नास वर्षेंच आयुष्य लाभलें. १७३९ च्या वसंतांत चिमाजीअप्पांच्या फौजांनीं धारावीचा किल्ला घेतला व मे महिन्यांत वसई घेतली. उत्तरेकडचा पोर्तुगीज प्रांत जवळजवळ संपला. १७५९ सालीं खुद्द पोर्तुगालच्या राजानेंच जेसुइटांस आपल्या राज्यांतून घालवून दिलें. लडाखचें स्वतंत्र राज्यहि १८३४ पासून जोरावरसिंगाच्या डोगरा फौजांपुढें टिकलें नाहीं, आणि राजघराणें लेहचा वाडा सोडून स्टोकला राहावयास गेलें. ज्यासाठीं माणसें झिजलीं व मेलीं त्यांतलें कांहींहि शिल्लक नाहीं.

शिल्लक आहेत ते कागद. आणि तेहि दैवानें वांचलेले. देसिदेरीचें हस्तलिखित १८७५ सालीं पिस्तोयाच्या एका घरांत सांपडलें. त्यांतला भाग छापला गेला तो १९०४ सालीं. आझेव्हेदोचा वृत्तांत तर १९२४ सालीं, वेसेल्स नांवाच्या डच पाद्र्यानें आपल्या ग्रंथाला जोडून छापला, तेव्हां जगापुढें आला. लिहिल्यापासून जवळजवळ तीनशें वर्षें तो कोणी वाचला नव्हता. आज तो वाचणारा त्यांतल्या धर्मकार्याच्या मजकुरावरून भराभर नजर फिरवितो, आणि थांबतो तो आठशें कुटुंबांपाशीं, पाणचक्क्यांपाशीं, राजाच्या मळक्या अंगरख्यापाशीं. पाहुणा जें मागावयास गेला तें काळानें पुसून टाकलें. त्यानें निमूटपणें जें पाहिलें तें राहिलें.

लेहच्या वाटाहि आतां पूर्वींच्या राहिल्या नाहींत. यारकंदचा व्यापार १९४९ च्या सुमारास थांबला; ल्हासाची वाट त्यानंतर थोड्याच वर्षांत बंद झाली. १९४८ च्या मे महिन्यांत एअर कमोडोर मेहर सिंग यांनीं लेहच्या वाळूंत तयार केलेल्या कच्च्या धांवपट्टीवर पहिलें विमान उतरविलें, आणि आकाशाची पांचवी वाट उघडली. १९७४ पासून सामान्य प्रवाशांस लडाखचें दार मोकळें झालें. आज मुंबईहून निघालेलें कुटुंब कांहीं तासांत, समुद्राच्या पातळीवरून एकदम साडेअकरा हजार फुटांवर जाऊन उतरतें. आझेव्हेदोच्या शरीराला त्या उंचीची संवय होण्यास चार महिने मिळाले होते. विमानाच्या प्रवाशाला ते मिळत नाहींत, म्हणून पहिले एक-दोन दिवस स्वस्थ पडून राहावें असें डॉक्टर सांगतात. आंद्रादेच्या विषारी वाफा म्हणजे विरळ हवाच होती, हें आतां लहान मुलांसहि ठाऊक आहे. तरीहि घाई करणाऱ्याला ती सोडीत नाहीं.

आणि पाणी पूर्वींइतकेंच थोडें आहे. जुना प्रवासी ओढ्याचें पाणी प्याला, त्याच ओढ्यानें दळलेलें जवाचें पीठ खाऊन पुढें गेला. तेथल्या घरांत पाण्याशिवाय चालणारे कोरडे संडास असत, आणि त्यांतलें खत शेतीला जाई. नव्या पाहुण्यासाठीं हॉटेलांनीं न्हाणीघरें बांधलीं, जमिनींत विहिरी खणल्या, आणि उन्हाळ्याच्या चार महिन्यांत गांवाच्या पाण्यावर असा भार पडूं लागला, कीं जो पूर्वींच्या व्यापारी तांड्यांनीं कधीं टाकला नव्हता. ज्या घरांत पावसाळ्याचे चार महिने गच्चीवरून पाणी वाहून जातें, त्या घरांतल्या माणसांस चार इंचांच्या पावसाचा अर्थ सहज उमगणें कठीण. राजवाड्याखालच्या उतारावर उभें राहिलें म्हणजे तो उमगतो. सारा डोंगर उघडाबोडका, आणि खालीं जेथपर्यंत पाट पोंचला आहे तेथपर्यंतच, आंखून दिल्यासारखी, हिरव्या शेतांची आणि सफेद्याच्या झाडांची एक अरुंद पट्टी.